चोंगचिंगला जाताय? रस्ता विचारू नका, मजला विचारा

चोंगचिंगचं पहिलं काम म्हणजे उच्चार. स्पेलिंग बघून बरेच जण चोंगकिंग म्हणतात पण चिंग म्हणा. यांगत्से आणि ज्यालिंग या दोन नद्यांच्या संगमावर डोंगरांवर वसलेलं हे चीनमधलं शहर आहे. १९९७ मध्ये याला सिचुआन प्रांतातून काढून थेट केंद्राच्या अखत्यारीत आणलं आणि तेव्हापासून ते जे वाढत सुटलंय ते अजून थांबलेलं नाही. "३ कोटी लोकसंख्येचं शहर" असं वाचलं असेल, तर तो आकडा सगळ्या प्रशासकीय हद्दीचा आहे, ती हद्द जवळपास ऑस्ट्रिया देशाएवढी आहे आणि तिच्यात खेडी, शेतं, डोंगर सगळं येतं. तुम्ही फिरणार ते मुख्यतः युचोंग भागात, दोन नद्यांमधल्या त्या चिंचोळ्या जिभेवर.

आधी व्हिसा. यूट्यूबवर "व्हिसाशिवाय दहा दिवस चीन" असे व्हिडिओ खूप दिसतात, पण ती २४० तासांची ट्रान्झिट सवलत ज्या देशांना आहे त्यात भारत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर व्हिसा काढूनच जायचं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि तिथलाच पासपोर्ट असलेल्या आपल्या लोकांना मात्र ती सवलत मिळते, फक्त पुढचं तिकीट तिसऱ्या देशाचं हवं, म्हणजे जिथून आलात तिथेच परत जाण्याचं चालत नाही.

निघण्याआधी घरीच अलीपे हे पैसे भरायचं अ‍ॅप टाका, पासपोर्टने व्हेरिफाय करा आणि तुमचं व्हिसा कंपनीचं किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडून ठेवा. चहा, मेट्रो, टॅक्सी सगळं त्यावरच चालतं. गुगल, व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या सिमवर चालत नाही, भारतातलं रोमिंग घेतलंत तर सहसा चालतं. मॅपसाठी मात्र तिथलं अमॅप वापरा.

आता खरा मुद्दा. मॅप सपाट असतो आणि हे शहर सपाट नाही. आमचं हॉटेल मॅपवर २०० मीटर दाखवत होतं आणि आम्ही बॅगा ओढत पाऊण तास त्याच्याच भोवती फिरलो, कारण हॉटेल आमच्या डोक्यावर होतं, दहा मजले वर, दुसऱ्याच रस्त्याला लागून. शेवटी एका आजींनी हाताला धरून समोरच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये नेलं, वरचं बटण दाबलं, दार उघडलं तर बाहेर चक्क रस्ता, गाड्या, दुकानं! ख्वेशिंगलौ नावाच्या चौकात तर तुम्ही रस्त्यावरून सरळ चालत येता, कठड्यावरून खाली वाकून बघता आणि कळतं की तुम्ही २२व्या मजल्यावर उभे आहात. म्हणून हॉटेल बुक करताना त्यांना मेसेज करून विचारा की दार कुठल्या रस्त्याला आहे आणि कुठल्या मजल्यावर आहे. आणि बॅग छोटी न्या, पायऱ्या खरंच खूप आहेत.

लीझिबा स्टेशन तर बघायलाच हवं. मेट्रोची २ नंबर लाइन इथे १९ मजली इमारतीच्या पोटातून जाते, स्टेशन सहाव्या ते आठव्या मजल्यावर आहे. लोकांना वाटतं घरं पाडून भोक पाडलं असेल, पण तसं नाही, इमारत आणि स्टेशन एकत्रच बांधलं. लिनज्यांगमन स्टेशनवरून बसा आणि उजव्या खिडकीला उभे राहा, ज्यालिंग नदी बाजूने चालत राहते. मग उतरून खाली बघायच्या जागेवर या. ही मोनोरेल रबरी चाकांची आहे म्हणून आवाज फार कमी येतो, त्यामुळे गाडी भिंतीत कधी शिरली ते बोलता बोलता कळतसुद्धा नाही.

रोपवेसाठी छोटी युक्ती. यांगत्सेवरचा हा रोपवे १९८७ चा, साधारण १,१६६ मीटरचा. शहराच्या बाजूला रांग प्रचंड असते, म्हणून ६ नंबर मेट्रोने पलीकडे शांगशिनज्ये स्टेशनला जा आणि तिकडून रोपवेने परत या. होंगयादोंग, म्हणजे नदीकाठच्या कड्याला लागून मजल्यावर मजले चढलेली इमारत, रात्री दिवे लागल्यावर, आणि शक्यतो समोरच्या छ्यानस्सिमन पुलावरून बघा, आत फक्त गर्दी आणि दुकानं. १ ते ७ ऑक्टोबर आणि १ मेच्या सुट्ट्या टाळाच. जुलै-ऑगस्टमध्ये ४० च्या वर तापमान जातं, मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबरचा शेवट उत्तम.

खाणं. हॉटपॉट म्हणजे मधोमध उकळता लाल रस्सा, त्यात मिरच्या आणि ह्वाज्याव, म्हणजे आपल्या तिरफळाची चुलत बहीण, जीभ झिणझिणते. सोबत तिळाचं तेल आणि लसणाची वाटी देतात, त्यात बुडवूनच खा, तिखट निवतं. पण शाकाहारी लोकांनी नीट ऐका, पारंपरिक लाल रश्शाचा बेस गाईच्या चरबीचा असतो आणि पांढरा रस्साही बहुतेक हाडांचा. "मी मांस, मासे, अंडं, प्राण्याची चरबी खात नाही" हे चिनीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि ऑर्डरच्या आधी दाखवा. बौद्ध विहारांजवळ शाकाहारी जेवण शोधा, तिथे निर्धास्त खाता येतं.

काही हॉटपॉटची दुकानं डोंगरात खोदलेल्या जुन्या बोगद्यांत आहेत. जपानशी युद्ध चालू असताना चीनची राजधानी इथे हलवली होती आणि बॉम्बपासून लपायला लोकांनी असे बोगदे खोदले. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला आले, ते पथक येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या तळावर, जाण्याआधी याच शहरात थांबलं होतं. मला ते तिथे त्या गार भिंतीला टेकून बसल्यावर आठवलं आणि हातातला घास तसाच राहिला.

परतीची ट्रेन चोंगचिंग नॉर्थहून असेल तर तिकिटावर नॉर्थ स्क्वेअर आहे की साउथ ते आधी बघा. दोन्हींच्या मध्ये आतून सहज चालत जाता येत नाही, आणि चुकीच्या बाजूला उतरलात तर गाडी हमखास सुटते.