फ्रेंच टोस्टचा लगदा होतो? तवा तापवण्याआधीच्या या चुका टाळा

फ्रेंच टोस्ट बिघडला की सगळे तव्याकडे बोट दाखवतात. आच जास्त होती, तवा चिकटला, लोणी कमी पडलं. पण बिघडलेल्या टोस्टचा माग काढत मागे गेलं, तर चूक बहुतेक वेळा तवा तापण्याच्या कितीतरी आधी झालेली असते: पाव निवडताना, तो भिजवताना, किंवा अंड्यांत अंदाजाने दूध ओतताना.

आधी एक गोष्ट मनात पक्की करू या. फ्रेंच टोस्ट म्हणजे अंड्यात बुडवून तळलेला पाव नाही. ते पावाच्या आत शिजलेलं कस्टर्ड आहे. अंडं, दूध आणि साखर पावाच्या जाळीत मुरतात आणि तिथेच उष्णतेने घट्ट होतात. पावात मिश्रण शिरायला जागा नसेल, मिश्रणात घट्ट होण्याची ताकद नसेल किंवा उष्णता मधोमध पोहोचायला वेळच मिळाला नसेल, तर टोस्ट फसतो.

सर्वांत मोठी चूक ताज्या पावाची. आज भाजलेला मऊ, लुसलुशीत पाव नुसता खायला उत्तम, पण तो आधीच ओला असतो. त्यात दूध ओतलं की जाळी कोसळते आणि काप उचलताना मधूनच तुटतो. फ्रेंच भाषेत या पदार्थाला ‘पँ पेर्द्यू’ म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव. एरवी टाकून द्यावा लागला असता असा कडक झालेला पाव सत्कारणी लावण्यासाठीच ही कृती आहे, आणि ते नाव विसरलं की पहिली चूक झालीच म्हणून समजा.

मात्र इथे एक बारकावा आहे. शिळा पाव आणि सुका पाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाव शिळा होतो तेव्हा त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट रचनेत बसतो, म्हणून तो कडक लागतो. पण पिशवीत बंद करून ठेवला असेल तर त्यातलं पाणी फारसं कमी झालेलं नसतं. फ्रिजमध्ये तर हे शिळं होणं उलट अधिकच वेगाने होतं. म्हणजे ‘दोन दिवसांचा आहे ना, मग चालेल’ हा हिशेब अर्धाच बरोबर. आपल्याला पावातलं पाणी कमी करायचं आहे. त्यासाठी काप रात्रभर जाळीवर उघडे ठेवा, किंवा ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसवर १० ते १५ मिनिटं सुकवा, मध्ये एकदा उलटा. रंग बदलू द्यायचा नाही. वरून हात लावल्यावर कोरडं आणि किंचित खरखरीत लागलं की पुरे. मी सुकवण्यासाठी आता ओव्हनच वापरते, कारण त्यात हवेच्या दमटपणावर विसंबून राहावं लागत नाही.

कापाची जाडी २ ते २.५ सेंटीमीटर हवी. बाजारात कापून मिळणारा पातळ सँडविच पाव वापरला तरी टोस्ट होतो, पण त्यात कस्टर्डला जागाच कमी असते. तो जेमतेम भिजवून लगेच तव्यावर टाकावा लागतो. ब्रिओश (लोणी-अंड्याचा फ्रेंच पाव), हाला (अंडं घातलेला, वेणीसारखा गुंफलेला ज्यू पाव) किंवा दूध घालून केलेला जाड पाव यांची जाळी बारीक आणि एकसारखी असते, म्हणून ते मिश्रण सगळीकडे सारखं धरून ठेवतात. मोठमोठी भोकं असलेल्या सावरडो, म्हणजे आंबट विरजणाने फुगवलेल्या पावात मिश्रण भोकांतून निथळून जातं आणि कड मात्र चिवट राहते. तोच वापरायचा असेल तर जास्त वेळ भिजवा.

आता मिश्रण. टोस्ट मधे पचपचीत राहतो याचं दुसरं मोठं कारण म्हणजे दूध जास्त होणं. घट्टपणा येतो तो अंड्यातल्या प्रथिनांमुळे. अंड्याचं पांढरं ६० अंशांच्या थोडं पुढे घट्ट व्हायला लागतं, पिवळं ६५ अंशांच्या पुढे. दूध आणि साखर मिसळली की प्रथिनं पातळ होऊन एकमेकांपासून लांब जातात आणि तेच मिश्रण घट्ट व्हायला ८० अंशांच्या आसपास जावं लागतं. दूध जितकं जास्त, तितकं हे काम अवघड. जाड अशा ४ कापांसाठी २ मोठी अंडी आणि साधारण १२० मिलिलिटर, म्हणजे अर्धा कप दूध, हे माझं नेहमीचं प्रमाण आहे. मिश्रण कमी वाटलं तर नुसतं दूध वाढवू नका, त्याबरोबर अंडंही वाढवा.

याच्या उलट तक्रारही येते: टोस्टला अंड्याचा वास येतो, वर ऑम्लेटसारखी पापडी धरते. तो दोष बहुतेक वेळा नीट न फेटलेल्या पांढऱ्याचा. पांढऱ्याचे दाट धागे दुधात विरघळत नाहीत, पावात शिरत नाहीत. ते वर चिकटून राहतात आणि तव्यावर वेगळे शिजतात. म्हणून अंडी आधी एकटीच फेटायची, धागे तुटेपर्यंत, आणि मग दूध घालायचं. एवढं करून गाळणीतून गाळलं तर फरक लगेच दिसतो. फेस येईपर्यंत मात्र फेटायचं नाही, फेसाचे बुडबुडे पावावर बसून राहतात. अजून मुलायम चव हवी असेल तर मिश्रणात एक जास्तीचं पिवळं घाला.

मिश्रणातल्या बाकी गोष्टी पटकन सांगते. चिमूटभर मीठ विसरू नका, त्याशिवाय गोडवा सपाट लागतो. दालचिनीची पूड थेट दुधात टाकली की ती भिजत नाही, वर तरंगते आणि पहिल्याच कापावर सगळी जाऊन बसते. ती आधी साखरेत मिसळा, मग अंड्यात. साखर एक मोठा चमचा बास. जास्त साखर म्हणजे आत शिजण्याआधी बाहेर करपणं. गोड हवं तर वरून घाला. वितळलेलं लोणी मिश्रणात घालणार असाल तर दूध कोमट असू द्या, थंड दुधात लोण्याच्या गुठळ्या होतात. मात्र दूध गरम नको, अंडं तिथेच शिजेल.

भिजवण्याची वेळ घड्याळापेक्षा पावावर ठरते. पातळ सँडविच पाव एका बाजूने १० ते १५ सेकंद. सुकवलेला जाड काप एका बाजूने पाऊण ते एक मिनिट. पसरट ताटलीत ठेवा, खोल वाटीत बुडवू नका; वाटीत खालचा भाग गळून जातो आणि वरचा कोराच राहतो. काप दोन्ही हातांनी उचलून बघा: मधे किंचित झुकला, पण फाटला नाही, तर झाला. ताठ राहिला तर आत कोरडी पट्टी उरली आहे. उचलल्यावर दोन-चार क्षण निथळू द्या, नाहीतर तव्यावर पावाभोवती अंड्याची झालर तयार होते.

आता तवा. इथे चूक एकच, पण सगळ्यांना नडणारी: घाई. जोराच्या आचेवर टोस्ट दीड मिनिटात सुंदर तांबूस होतो आणि आत कच्चाच राहतो. मध्यमपेक्षा किंचित कमी आच, एका बाजूला ३ ते ४ मिनिटं, एवढा वेळ उष्णतेला मध्यापर्यंत जायला लागतोच. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असतं, ते उडताना फेस येतो आणि चुरचुर आवाज येतो. फेस ओसरला, आवाज मंदावला की काप ठेवायचा. आधी ठेवला तर टोस्ट वाफेत शिजतो, खरपूस होत नाही. लोणी काळं पडतं ते त्यातल्या दुधाच्या कणांमुळे. तेल मिसळल्याने ते कण करपायचे थांबत नाहीत, फक्त संख्येने कमी होतात. तूप वापरलं तर कणच नसतात, पण लोण्याचा तो खमंगपणाही थोडा जातो. मी लोणीच वापरते आणि प्रत्येक खेपेनंतर तवा कागदाने पुसून नवीन लोणी घालते. काळ्या ठिपक्यांचा टोस्ट बहुधा दुसऱ्या खेपेचा असतो.

तव्यावर गर्दी करू नका आणि कालथ्याने दाबू नका. दाबलं की इतक्या काळजीने मुरवलेलं कस्टर्ड बाहेर येतं.

झाला का, हे कसं ओळखायचं? मधोमध बोटाने हलकं दाबा. खळगा पडून तसाच राहिला आणि ओलसर वाटलं तर कच्चा. हलकेच फुगून वर आला तर झाला. थर्मामीटर असेल तर मधलं तापमान निदान ७१ अंशांच्या पुढे गेलेलं हवं. अंडं खायला सुरक्षित होण्यासाठी एवढं लागतंच, नीट घट्ट होण्यासाठी त्याहूनही थोडं जास्त.

बाहेर रंग आला आणि आत कच्चा राहिला, तर टाकून देऊ नका. जाळीवर ठेवून ओव्हनमध्ये १७५ अंशांवर ५ ते ८ मिनिटं द्या, मध्य शिजतो आणि बाहेर करपत नाही. ओव्हन नसेल तर अगदी मंद आचेवर झाकण ठेवून दोन मिनिटं, मग झाकण काढून पुन्हा एक मिनिट, म्हणजे वाफेने मऊ पडलेला वरचा थर सावरतो.

जास्त माणसांसाठी करताना झालेले टोस्ट एकावर एक रचले, तर खालचे वाफेने ओले होतात आणि सगळी मेहनत वाया जाते. जाळीवर सुटे ठेवा, ओव्हन ९५ अंशांवर. सिरप किंवा मध ताटातच, खायच्या वेळी.

उरलेलं मिश्रण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, त्यात कच्चं अंडं आहे. उरलेले टोस्ट मात्र चांगले टिकतात. पूर्ण गार करून ट्रेवर सुटे गोठवा, मग पिशवीत भरा. खायच्या वेळी बर्फ वितळायची वाट न पाहता थेट टोस्टरमध्ये घालायचे. आधी वितळू दिले, तर सुटलेलं पाणी पुन्हा पावातच मुरतं.