कपलिंग रॉड लावले की इंजिन अडकतं: माझा अनुभव

एच केलेल्या (रसायनानं कोरून कापलेल्या) पितळी पत्र्याच्या किटमधून जोडलेलं, वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल; ०-६-०, म्हणजे फक्त सहा जोडलेली चाकं असलेलं. नुसती चाकं भिंगरीसारखी फिरायची. कपलिंग रॉड (एका बाजूची चाकं एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्या) लावले की प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडकायची. तेल घातलं, दोन्ही बाजूंच्या क्रँकपिनमधला (चाकावरच्या, रॉड बसतो त्या खुंट्यांमधला) ९० अंशांचा कोन पुन्हा जुळवला. रॉडची भोकंच मोठी करायला निघालो होतो, इतका वैताग! तेवढ्यात रॉडच्या मागच्या भोकाच्या एकाच कडेला चकचकीत ओरखडा दिसला. म्हणजे मागचा आस (चाकांचा दांडा) रॉडच्या भोकांच्या मानानं केसभर दूर बसला होता.

चाकं काढली. मागचे दोन्ही बुश (फ्रेममध्ये सोल्डर केलेल्या, आस फिरतो त्या छोट्या नळ्या) तापवून सोडवले, फ्रेमची भोकं गोल कानशीनं जराशी सैल केली. सगळ्या बुशांतून निमुळत्या टोकांचे लांब आस घातले, त्या टोकांवर दोन्हीकडचे रॉड चढवले. बुश आपसूक जागेवर आले. मग फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन), कणभर सोल्डर. थंड झाल्यावर फ्लक्स धुतला. चाकं बसवून आधी एकाच बाजूचा रॉड लावून फिरवलं, मग दुसरा. अडकणं गेलं.