पातळ ॲल्युमिनियमचं ॲनोडायझिंग: प्रोजेक्टला नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या प्रोजेक्टचा विषय घरी फोंड्याला सांगितला, तेव्हा काकांनी लगेच विचारलं, "म्हणजे आमच्या स्लायडिंग खिडक्यांना रंग चढवून देशील?" प्रश्न रास्तच होता. ॲनोडायझिंग म्हणजे ॲल्युमिनियम द्रावणात बुडवून, विजेच्या धन टोकाला जोडून त्यावर त्याच्याच ऑक्साइडचा थर वाढवणं. लोकांना ते माहीत आहे ते खिडक्यांमुळेच. तिथे गंधकाम्लात सच्छिद्र, मायक्रॉनच्या मापाचा थर वाढवतात. आपल्याला हवा बिनछिद्राचा, नॅनोमीटरच्या मापाचा.

कारण असं. एलसीडी पॅनेलच्या काचेवर ट्रान्झिस्टरच्या गेट लाईन्स, म्हणजे त्यांना चालू-बंद करणाऱ्या धातूच्या बारीक पट्ट्या, असतात. ॲल्युमिनियम स्वस्त आणि कमी रोधाचं, पण त्यावर सिलिकॉन नायट्राइडचा इन्सुलेटर थर बसवताना तापमान ३०० अंशांच्या आसपास जातं. धातू काचेपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतो, खालची काच त्याला पसरू देत नाही, आणि पृष्ठभागावर बारीक उंचवटे येतात. त्यांना हिलॉक म्हणतात. एखादा वरच्या थरातून आरपार गेला की शॉर्ट. म्हणून निओडायमियम किंवा टँटॅलम चिमूटभर मिसळायचं आणि वर ऑक्साइडचं कवच चढवायचं.

द्रावण उदासीन लागतं. टार्टारिक आम्लात अमोनिया घालून पीएच ७ च्या जवळ आणतात, मग एथिलीन ग्लायकॉल. खिडक्यांसारखं गंधकाम्लात केलंत तर छिद्रं आलीच.

आमचे सर स्विचला हात लावण्याआधी एकच विचारायचे: "खाली धातू किती उरणार?" हे गणित पाठच करा. दर व्होल्टला साधारण १.३ ते १.४ नॅनोमीटर ऑक्साइड. १०० व्होल्टला झाला १३५ च्या आसपास, आणि त्यात शंभरेक नॅनोमीटर धातू खर्ची पडतो. ॲल्युमिनियमची फिल्म २०० नॅनोमीटरची असेल तर निम्मीच उरली, म्हणजे लाईनचा रोध दुप्पट! इन्सुलेटर सुंदर झाला म्हणून खूश होणाऱ्याला हे नंतर कळतं.

आधी करंट स्थिर ठेवायचा; व्होल्टेज सरळ रेषेत चढतं. ठरलेल्या व्होल्टेजला पोचलं की ते धरून ठेवायचं, करंट घसरत जातो. ही रेषा मध्येच वाकली तर द्रावण बदलायला धावू नका. आधी नमुना द्रावणातून जिथे बाहेर येतो ती कड बघा. नमुना धरणाऱ्या, सप्लायला जोडलेल्या क्लिपचा सगळा करंट त्या पट्टीतून जातो, आणि तिथली फिल्म खाल्ली गेली की खालच्या भागाचा संपर्कच तुटतो. तेवढ्या पट्टीवर फोटोरेझिस्ट (चिप बनवताना वापरतात तो संरक्षक लेप) किंवा लॅकर लावून वाळवा.

दुसरा संशयित क्लोराइड, म्हणजे मिठातला; तो ऑक्साइडला भोकं पाडतो. गोव्यात घामाला तोटा नाही, त्यामुळे नमुना उघड्या बोटांनी कधीच धरू नका. चिमटा आणि डीआय (आयन काढून टाकलेलं) पाणी. नळाचं पाणी बीकर विसळायलासुद्धा नको.

ग्लव्हज घाला, आणि सप्लाय बंद केल्याशिवाय क्लिपला हात लावू नका. १०० व्होल्ट डीसी म्हणजे गंमत नव्हे.

पुढे डिस्प्लेतच काम मिळेल असं धरून बसू नका. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्येही हाच बिनछिद्राचा ऑक्साइड असतो, तेव्हा मुलाखतीला आपला व्होल्टेज-वेळ आलेख छापून न्या. त्यावर बोलायला बरंच सापडतं.