जुन्या विंडसर खुर्चीचा हलणारा पाय : रंग न दुखावता पक्का कसा करावा

अठराव्या शतकातल्या अमेरिकी विंडसर खुर्चीत, म्हणजे जाड लाकडी बैठकीच्या भोकांत पाय आणि पाठीच्या काड्या बसवलेल्या खुर्चीत, दोन-तीन जातींची लाकडं असतात. फिलाडेल्फियातल्या खुर्चीची बैठक बहुधा ट्यूलिप पॉप्लरची, न्यू इंग्लंडमधली पांढऱ्या पाइनची. कातलेले पाय बऱ्याचदा मेपलचे, पाठीच्या काड्या हिकरीच्या. ही सरमिसळ झाकायला खुर्ची पहिल्यापासूनच रंगवत. सुरुवातीचा आवडता रंग हिरवा, जवसाच्या तेलात घोटलेला जंगाल, म्हणजे तांब्याचा हिरवा गंज. तो काळवंडतो, पण संग्राहक पैसे मोजतात ते त्याचेच. म्हणून पॉलिश पेपर लांब ठेवा. जुन्या रंगात शिसंही असतं, त्याची धूळ पोटात जाणं वाईट.

खुर्ची घोंगडीवर उलटी ठेवा. पायांना नंबर द्यायचे ते सुतळीने चिठ्ठ्या बांधून. चिकटपट्टी काढताना रंगाचे पापुद्रे सोबत येतात. सांध्यावर लोहचुंबक फिरवा. आधीच्या कुणी खिळा ठोकला असेल, तर तो काढल्याशिवाय पाय ओढू नका, बैठक फाटेल. घट्ट असलेले सांधे तर उघडूच नका.

पायाचं टोक बैठकीतून आरपार जातं आणि वरून पाचर मारलेली असते. ढिली पाचर दाभणाने उचकटून काढा. पाय तिरपे आणि खालच्या आडव्या दांड्यांत अडकलेले, त्यामुळे पाय पूर्ण निघणार नाही. अर्धा इंच सरकला तरी पुरे. जुना सरस कोमट पाण्याने मऊ करून दातांच्या ब्रशने घासा. पाणी इंजेक्शनच्या सुईने थेंबथेंब सोडा, रंगावर ओघळलं तर लगेच टिपा. स्पिरिट वापरू नका, रंगावर लाखेचं वॉर्निश असलं तर ते विरघळेल. टोक तासू नका. ते बऱ्याचदा निमुळतं असतं, एका बाजूने घासलं की भोकात नीट बसत नाही.

दोन दिवस वाळू द्या. मग सरस लावा, फेव्हिकॉल नको: पुढच्या दुरुस्तीला सरस पाण्याने सुटतो, फेव्हिकॉल सहजी सुटत नाही. सरसाचं भांडं गरम पाण्यात ठेवून साधारण ६० अंशांवर राखा. फार तापवला तर चिकटपणा जातो. दोन्ही बाजूंना लावून मिनिटभरात पाय आत ठोका, नाहीतर सरस आधीच गोठतो.

आता पाचर. ओक किंवा तशाच कठीण लाकडाची, टोकाच्या व्यासाइतकी रुंद. तिचं पातं बैठकीच्या लाकडाच्या रेषेला, म्हणजे तंतूंच्या दिशेला, आडवं पाहिजे, कारण तिचा दाब रेषेच्या दिशेने गेला तर बैठक सोसते. पातं रेषेबरोबर बसवलं, तर तीच पाचर बैठक उभी चिरते. हलक्या हाताने ठोका. आवाज बोदा होता तो टणक झाला की थांबा. खुर्ची सपाट जागी चारी पायांवर चोवीस तास उभी ठेवा.

बैठकीवर पायाचं टोक बोटाला किंचित वर लागेल. बैठकीची जाडी आकसते, पायाची लांबी जवळजवळ आकसत नाही, म्हणून ते वर आलेलं असतं. ते कापून सपाट करू नका.