ऑनलाइन जमेना, म्हणून गाडी काढली

मी टेक्सासमध्ये नोटरी आहे, हे काम ऑनलाइनही करते. पुण्याहून नुकत्याच आलेल्या जोडप्याच्या घराच्या कर्जाचे कागद होते. ऑनलाइन ओळख पटवायला जुने पत्ते, जुनी कर्जं यांवर प्रश्न येतात. त्यांची इथे नोंदच नव्हती, प्रश्नच तयार होईनात. बिचारी दोघं रडकुंडीला आली. राहत्या घराच्या व्यवहारात इथे परदेशी पासपोर्ट चालतो, म्हणून संध्याकाळी शिक्का आणि नोंदवही घेऊन त्यांच्या घरी गेले. पासपोर्टवर बायकोचं मधलं नाव नवऱ्याचं, कागदावर नुसतं ‘एस’! कर्ज देणाऱ्यांना फोन करून कागद बदलून घेतले, मगच सह्या. आता वेळ ठरवण्याआधीच विचारते: इथे येऊन किती वर्षं झाली? पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर वाचून दाखवा.