लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला जपानी जेवण: जाण्याआधीची तयारी

हॉटेल शोधायला बसण्याआधी एक कागद घ्या. जेवायला कोण कोण येणार त्यांची नावं लिहा आणि प्रत्येकाच्या नावापुढे ते काय खात नाहीत हे लिहा. आमच्या कागदावर सहा नावं होती. बाबा, मासे जीव की प्राण, पण ब्लडप्रेशरची गोळी चालू. आई माळकरी. आक्काला शुगर. दाजींना सगळं चालतं. बायकोला सातवा महिना. सहावा मी. जपानी जेवणाचा हट्ट बाबांसाठी होता. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत असताना मशीनच्या ट्रेनिंगला ते तीन आठवडे नागोयाला राहून आले होते, आणि तिथल्या जेवणाबद्दल आजही बोलतात. पण लग्नाचा वाढदिवस आई-बाबा दोघांचा असतो. ज्या टेबलावर आईला नुसता पांढरा भात आणि काकडी खावी लागेल, ते टेबल कितीही भारी असलं तरी आपल्या कामाचं नाही. माझी सगळी तयारी या एका गोष्टीभोवती फिरली आणि तुमचीही फिरावी असं मला मनापासून वाटतं.

मग तारीख. कॅलेंडर समोर ठेवून एकादशी, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार बघा. आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस नेमका गुरुवारी येत होता, म्हणून जेवण शनिवारी ठेवलं. मासा कोणत्या वारी येतो हेही हॉटेलला विचारा. भारी हॉटेलांत काही मासे विमानाने थेट जपानहून येतात. टोकियोचा मोठा मासळी बाजार 2018 साली त्सुकिजीहून तोयोसूला गेला, आणि तो रविवारी बंद असतो. माल आल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गेलेलं बरं.

गाव ठरवताना म्हाताऱ्या माणसांची पाठ आणि गुडघे आधी बघा. थाटाचं जपानी जेवण म्हटलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला गोवा, पुणे, मुंबई नाहीतर बंगळूर गाठावं लागतं. पणजी चोर्ला घाटातून सगळ्यात जवळ, पण सातव्या महिन्यात घाटातली वळणं आणि खड्डे मला नको होते. मुंबईत ताजमहाल पॅलेसमध्ये 2004 पासून ‘वसाबी बाय मोरिमोतो’ हे जपानी रेस्टॉरंट आहे, नाव मोठं आहे, पण रस्त्याने दिवस जातो. बंगळूरला ऑगस्ट 2025 पासून बेळगावहून वंदे भारत आहे. पहाटे निघालं की दुपारी पोचतो, दोन तास आराम करून संध्याकाळी जेवायला जाता येतं. तिथे आयटीसी गार्डेनियातल्या ‘एडो’सारखी पंचतारांकित हॉटेलातली जपानी रेस्टॉरंट आहेत, आणि शहरात नोकरीला आलेल्या जपानी लोकांमुळे चालणारी छोटी ठिकाणंही आहेत. रेस्टॉरंटना तारे देणारं मायकेलिन गाईड भारतात नाही, त्यामुळे तारे मोजत बसू नका. सहा जणांत सहा पथ्यं असतील तर माझा कौल मोठ्या हॉटेलला. तिथे तुमचा प्रश्न खरोखर किचनपर्यंत जातो आणि उत्तर लिहून मिळतं.

आता फोन. यावर अर्धा तास घालवा, कारण इथेच चुकतं. दोन वर्षांपूर्वी आईच्या वाढदिवसाला आम्ही एका जपानी रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. मेनूवर हिरवा ठिपका बघून मी तिच्यासाठी मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं सूप, मागवलं. लाकडी वाटी, वर कांद्याच्या पातीच्या चार चकत्या, आत तोफूचे म्हणजे सोया पनीरचे चौकोन. ती वाटी दोन्ही हातांत धरून सावकाश पीत होती, बरं लागतंय म्हणाली. अर्धी वाटी झाल्यावर मला शंका आली म्हणून वेटरला विचारलं. तो म्हणाला, ‘माशाचा तुकडा नाही सर, फक्त स्टॉक आहे.’ आईने वाटी खाली ठेवली. कुणाला काही बोलली नाही. पदराने तोंड पुसलं आणि नंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही. घरी आल्यावर रात्री अंघोळ करून माळ घेऊन बसली ती बाराच्या पुढे उठली.

तेव्हा ‘व्हेज आहे का’ एवढंच विचारू नका. ‘दाशी कशाची आहे’ असं विचारा. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी, आपल्या आमटीला कट असतो तसं. नेहमीची दाशी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाची आणि कात्सुओबुशीची असते. कात्सुओबुशी म्हणजे कुप्प्याच्या जातीचा मासा उकडून, धुरावून, लाकडासारखा टणक होईपर्यंत सुकवतात आणि त्याचा कीस करतात. हीच दाशी मिसो सूपमध्ये असते, सोबा-उदोन या नूडल्सच्या रश्श्यात असते, तेंपुरा म्हणजे जपानी भज्यांबरोबरच्या वाटीत असते, तळलेल्या तोफूवर ओततात त्या पाण्यात असते. ताटात मासा दिसत नाही म्हणून मेनूवाल्याला ते व्हेज वाटतं. नुसत्या कोंबूची किंवा सुक्या शिताके मशरूमची दाशीही करता येते आणि चवीला ती कमी नसते. ज्या चवीला जपानी लोक उमामी म्हणतात, ती किकुनाए इकेदा या शास्त्रज्ञाने 1908 मध्ये कोंबूतूनच वेगळी काढली. जपानच्या बौद्ध मठांत तर शोजिन र्‍योरी नावाचा अख्खा शाकाहारी स्वयंपाक आहे, त्यात मांस-मासे नाहीत आणि कांदा-लसूणही नाही. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा खुलला. म्हणाली, ‘म्हणजे त्यांच्यातबी माळकरी आहेत की.’ हॉटेलला फोन करताना शोजिन हा शब्द वापरा, आचाऱ्याला काय हवं ते लगेच कळतं.

त्याच फोनवर आणखी विचारा: भाज्यांचा तेंपुरा कोळंबीच्याच तेलात तळता का, कढई वेगळी ठेवाल का, सुरी आणि पाट वेगळे आहेत का. वाग्यू म्हणजे बीफ, तोंकोत्सु रामेन म्हणजे डुकराच्या हाडांच्या रश्श्यातल्या नूडल्स, ग्योझा या मोदकासारख्या डंपलिंगच्या सारणात बहुतेक वेळा पोर्क असतं, हे टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला आधी माहीत हवं. लोखंडी तव्यावर समोर भाजून देतात ते तेप्पान्याकी बघायला छान, पण तवा एकच असतो, म्हणून आमच्यासाठी मी ते काट मारलं. मी कन्नडमध्ये बोललो, मॅनेजरने मोकळेपणाने सगळं सांगितलं, आणि मग तेच ईमेलने लिहून मागवून घेतलं. जो मॅनेजर ‘काळजी करू नका, होऊन जाईल’ एवढ्यावर फोन ठेवतो, त्याचं नाव यादीतून काढा.

तब्येतीची पथ्यं वेगळी. पोटुशी बाईने कच्चा मासा टाळावा. बायकोसाठी शिजवलेल्या पदार्थांची यादी आधीच करून घेतली. बाकीच्यांसाठी कच्चा मासा आधी नीट गोठवलेला असतो का हे विचारायला लाजू नका. उणे 20 अंशांत सात दिवस ठेवला की त्यातले जंत मरतात. बाबांसाठी सोया सॉस मोजून. एका मोठ्या चमच्यात साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 2,000 च्या आत राहायला सांगते. सुशीच्या, म्हणजे ज्यावर मासा ठेवून देतात त्या, भातात व्हिनेगरबरोबर साखर पडते, हे आक्काला सांगून ठेवलं.

जेवणाचा प्रकार ठरवताना ओमाकासेची भुरळ पडेल. त्याचा अर्थच ‘तुमच्यावर सोपवलं’ असा, आचारी देईल ते खायचं. नवरा-बायको दोघंच असाल तर जरूर घ्या, तेही काउंटरला बसून. सहा जण ओळीने काउंटरला बसले तर टोकाच्या माणसाशी बोलताच येत नाही. आम्ही गोल टेबल आणि आधी ठरवलेला मेनू घेतला. जमिनीवर तातामीची, म्हणजे जपानी चटईची, बैठक असेल तर पाय सोडायला खाली खड्डा आहे का ते विचारा, नाहीतर खुर्च्याच घ्या.

शक्य असेल तर त्या शहरातल्या कुणाला तरी आधी दुपारी पाठवा. माझा एक मित्र गेला. त्याला सांगितलं होतं, मासा बघू नकोस, भात बघ. खानापूरकडच्या माणसाला भात कळतो. सुशीचा भात अंगाच्या उबेएवढा कोमट हवा, दाणा दाण्याला धरून, पण तोंडात गेल्यावर सुटा होणारा. गारढोण आणि कडक लागला तर तो केव्हाचा करून ठेवलाय हे समजा.

टेबल बुक करतानाच पैशांचं बोलून घ्या. खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी 18 टक्के लागतो, बाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये 5. वीस हजारांच्या जेवणावर हा फरक 2,600 रुपयांचा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच म्हटलं आहे. अॅडव्हान्स किती आणि रद्द केल्यास किती परत, हे लिहून घ्या.

आठवडाभर आधी घरी जेवायच्या काड्यांचा (चॉपस्टिक्सचा) सराव करा, भिजवलेल्या शेंगदाण्यांवर उत्तम होतो. पण थोरांना सांगा की सुशी हाताने खाल्लेली जपानातही चालते. दोनच गोष्टी टाळायच्या: भातात काड्या उभ्या रोवायच्या नाहीत, ते मेलेल्या माणसापुढे ठेवलेल्या भाताचं चिन्ह आहे, आणि एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. आईला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

आदल्या दिवशी पुन्हा फोन करून दाशीचं परत एकदा सांगा, कारण शिफ्ट बदललेली असते. बाबांची रात्रीची गोळी पर्समध्ये. आणि किचनमधल्या लोकांसाठी अर्धा किलो कुंदा, आपली बेळगावची मिठाई, घ्या. गाडी पहाटेची, तेव्हा दुकानं उघडलेली नसतात, म्हणून आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवा.