ब्रह्मगिरीची फेरी शांतपणे कशी करायची

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला तुफान गर्दी असते, तो उत्साह बघायचा असेल तर जरूर जा, पण स्वतःशी जरा बोलायचं असेल तर श्रावणातलाच एखादा साधा मधला वार निवडा. त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर हातपाय धुवून पहाटेच निघायचं. ब्रह्मगिरी डोंगराभोवतीची छोटी फेरी, म्हणजे प्रदक्षिणा, साधारण 20 किलोमीटरची आहे, रमतगमत पूर्ण दिवस धरा.

मोबाईल पिशवीत तळाशी टाका. पहिला तासभर डोक्यात घरचं, ऑफिसचं सगळं चालूच राहतं, चालू द्या, जबरदस्तीने मन शांत करायला जाऊ नका, फक्त पावलांबरोबर नाम घ्या, तेही मनातल्या मनात, आणि मग कधीतरी भातखाचरातलं पाणी, चिखलाचा वास, धुक्यात गेलेला डोंगर हे सगळं आपोआप दिसायला लागतं. मला तर वाटतं खरी फेरी तिथून सुरू होते.

निवृत्तीनाथांची आख्यायिका माहीत असेलच, याच प्रदक्षिणेत वाघ आला, पळापळ झाली, लहानगा निवृत्ती वाट चुकून गुहेत शिरला आणि तिथे गहिनीनाथ भेटले. वाट चुकली म्हणून गुरू भेटला! चालताना हे मनात घोळवत राहा.

दुसऱ्या दिवशी दम असेल तर ब्रह्मगिरीवरच्या गंगाद्वारी पायऱ्या चढून जा. जवळपास 1465 किलोमीटर वाहणारी गोदावरी तिथे थेंबाथेंबाने येते, त्या थेंबांसमोर दहा मिनिटं काही न मागता नुसतं बसा.

आणि प्लास्टिक परत घेऊन या, प्लीज.